हलव्याचा हार, बीडची गाडी

॥ श्री योगेश्वरी प्रसन्न ॥

घाटनांदूर,
ता. २० नोव्हेंबर १९८६

चि. सौ. अंजना हिस शिवकन्याचे आशीर्वाद. माझा भाऊ आश्रुबा यासही.

छबूला माझ्याकडे सोडून तुम्ही दोघं कारखान्याच्या ट्रकात बसलात, तेव्हापासून पत्ता मिळायची वाट बघत होते. काल मुंजाजी मुकादम बाजारात भेटला, त्याच्याकडून तुमच्या तळाचा पत्ता घेतला. छबू सुखरूप आहे. पहिले दोन दिवस जेवली नाही, मग जेवली. चौथीत नाव घातलं आहे. नऊ वर्षांच्या मानानं अक्षर चांगलं आहे, गणित कच्चं आहे, ते मी बघते.

तलवाड्याची विहीर तळाला गेली आणि तुम्हाला आयुष्यात पहिल्यांदा ऊस तोडायला जावं लागलं, याचं मला वाईट वाटतं. आश्रूनं एका शब्दानं कळवलं असतं तर यांना सांगून सोसायटीत काही बघितलं असतं. पण तो कळवणारा नाही. लहानपणी पायात काटा मोडला तरी लंगडत घरी यायचा आणि काही झालं नाही म्हणायचा.

आता मनातलं लिहिते. फिरवून लिहायची मला सवय नाही. छबूला माझ्याकडेच राहू द्या. या हंगामापुरतं नाही, कायमचं. आमच्या घरात देवानं मूल दिलं नाही हे तुला ठाऊक आहे. हे सोसायटीचे चेअरमन, दुष्काळ पडल्यापासून दिवसभर गुरांच्या छावणीत असतात. घरी येतात तेव्हा अंगाला कडब्याचा वास असतो आणि बोलायला काही उरलेलं नसतं. मी सकाळी देवपूजा करते, जमाखर्च लिहिते, दूध डेअरीला घालते, आणि मग संध्याकाळपर्यंत घरात माझ्याशिवाय कुणाचा आवाज नसतो. आता छबू पाढे म्हणते ते स्वयंपाकघरात ऐकू येतं.

एकदा ऊसतोडीला गेलेली माणसं दरवर्षी जातात, हे मी या भागात बघते. लेकराचं शिक्षण ट्रकात होत नाही. मलाही वडिलांनी छबूएवढी असताना बीडला मामाकडे ठेवलं, म्हणून मी मॅट्रिक झाले. माझं काही वाईट झालं नाही. विचार करून कळव.

तुझी
शिवकन्या


ऊसतोड तळ,
९ डिसेंबर

आक्का, तुमच्या पाया पडते.

मी चवथी शिकलेली, ल्हेताना चुकलं तर समजून घ्या. तुमचं पत्र मुकादमाच्या हातून आलं. दोनदा वाचलं. एकदा मी वाचलं, एकदा यांना वाचून दाखवलं.

हिकडं चौकडं हिरवं हाय. आल्या आल्या डोळ्याला लई बरं वाटलं. मग राग यायला लागला, की आपल्या रानात धूळ आन् हितं पाण्याचे पाट वाहायलेत. कोपी पाचटाची हाय, वाकून आत जावं लागतं. पहाटं उठून तोडायला जातो. उसाच्या पानानं हात कापतेत, आता घट्टे पडलेत म्हून बरं हाय. मोळी डोक्यावर घिऊन फळीवरून गाडीत चढायचं मला आधी भ्याव वाटायचं. आता वाटत न्हाई.

कायमचं म्हणलात. त्ये वाचलं तवा छबूचे बा कोयता घासत बसले. कोयत्याला धार व्हती तरी घासतच बसले. मी म्हणते, पाडव्याला हंगाम सरंल, तवा बोलू. तुमच्या घरी तिला दोन टाइम जेवण, शाळा, समदं हाय ह्ये मला कळतंय. पण तिला बी ईचारा.

आक्का, ती रडती का? तुमी जेवली ल्हेलं, नाव घातलं ल्हेलं, गणित कच्चं ल्हेलं. रडती का न्हाई ते ल्हेलं न्हाई. कावून?

दाजीस्नी नमस्कार.

अंजना


॥ श्री योगेश्वरी प्रसन्न ॥

घाटनांदूर,
ता. २८ डिसेंबर १९८६

चि. सौ. अंजना हिस आशीर्वाद.

रडत नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस. रमली आहे. तिला एसटीची भारी हौस लागली आहे. शाळा सुटली की दप्तर पाठीला तसंच ठेवून स्टँडवर जाते आणि दिवेलागणीपर्यंत गाड्या बघत बसते. मी एकदा रागावले, तर म्हणाली, "आत्या, पाट्या वाचाया जाते." परळी, अंबाजोगाई, लातूर, बीड, सगळ्या पाट्या आता न अडखळता वाचते. फुकटात वाचन सुधारतंय, म्हणून मी पुन्हा काही बोलले नाही.

इथली एक बातमी. छावणीतला कडबा संपत आला आहे. सोसायटीनं होता नव्हता तेवढा पैसा घातला. परवा आमचे हेडमास्तर मोहनराव गुरुजी घरी आले. म्हणाले, "संक्रांतीनंतरच्या रविवारी शाळेत वेषभूषेचा कार्यक्रम ठेवू. तिकीट लावलं तर कुणी येणार न्हाई. मारुतीच्या देवळात नारळाचा लिलाव करतो, तसा करू. पोरांनी सोंग घेऊन यायचं, आन् सोंगातली एकेक वस्तू लिलावात काढायची. येईल तो पैसा कडब्याला." देवळातल्या नारळाला आमच्या गावात चढाओढ लागते, हे गुरुजींना बरोबर ठाऊक. जमा रक्कम सांभाळायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं.

छबूला मी हलव्याच्या दागिन्यांत सजवणार आहे. हे दागिने या गावात कुणी पाहिलेले नाहीत. बीडला मामाच्या शेजारी एक काकू राहायच्या, त्यांच्याकडे मी शिकले होते. साबुदाण्यावर साखरेचा पाक थेंबथेंब सोडायचा, परात निखाऱ्यावर ठेवून बोटांनी हलवत राहायचं. घाई केली की दाण्याला काटा येत नाही. मग दाणे दोऱ्यात ओवून हार, तोडे, बिंदी, कंबरपट्टा. काळ्या परकर-पोलक्यावर ते पांढरे दागिने कसे उठून दिसतील.

साखर मात्र विकत आणलेली नाही. संक्रांतीसाठी महिनाभर चहाची साखर बाजूला काढत होते, तीच वापरली. हे म्हणाले, "चेअरमनच्या घरी गुळाचा च्या? पावणे काय म्हणतील?" मी म्हटलं, पाहुणे गोडच म्हणतील.

छबू परातीपाशी बसून बघत असते. काल विचारत होती, "आत्या, ही साखर माय तोडती त्या उसाची हाय का?" मी म्हटलं, असेल बाई.

तुझी
शिवकन्या


ऊसतोड तळ,
८ जानेवारी

आक्का, पाया पडते.

कार्डावर जागा थोडी हाय. दागिन्याचं वाचून बरं वाटलं. तिला काळा रंग सोबतो. पण आक्का, ती कोणती पाटी वाचती? समद्या वाचती का एकीचीच वाट बघती? आमी तिला बीडच्या गाडीनं आणलं व्हतं.

अंजना


॥ श्री योगेश्वरी प्रसन्न ॥

घाटनांदूर,
ता. २० जानेवारी १९८७

चि. सौ. अंजना हिस आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. पाट्यांचं पुढच्या वेळी विचारते, कारण रविवारी जे घडलं ते आधी लिहायला हवं. गावात तेच चाललंय, तेव्हा मुंजाजीकडून तुला तिखटमीठ लावलेलं कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

शाळेच्या पटांगणात माणूस मावत नव्हतं. पुरुष एका बाजूला, आम्ही बायका कनातीच्या कडेला. एक मुलगा कंडक्टर होऊन आला, सगळ्यांना तिकिटं फाडून देत सुटला आणि सुट्टे पैसे नाहीत म्हणून भांडला, अगदी खऱ्यासारखा. साखराबाईचा नातू अंगाला पत्र्याचे डबे बांधून पाण्याचा टँकर झाला होता. तो आत आला तशा चार बायका सवयीनं उठल्याच, मग खाली बसून तोंडाला पदर लावून हसल्या. त्याच्या डब्याला चांगली बोली आली. म्हाळू धनगर एका पागोट्यासाठी "एक घोंगडं" अशी बोली बोलला, गुरुजी म्हणाले "रोख बोला", तर म्हणतो, "रोख असतं तर मेंढरं घिऊन हितं कावून बसलो असतो?"

मग छबू आली. अंजना, तू बघायला हवी होतीस. गॅसबत्ती नव्हती, उन्हातच, पण दागिने असे चमकत होते की बायका उठून बघायला लागल्या. शेजारी बसलेली दगडाबाई म्हणाली, "चेअरमनीणबाई, पोर देव्हाऱ्यातनं उठून आल्यावानी दिसायली." मला बरं वाटलं. खोटं का बोलू, मला आई झाल्यासारखं वाटलं.

गुरुजींनी लिलावाला गळ्यातला हार काढायला सांगितला. तिनं तोडे काढून दिले, बिंदी दिली, कंबरपट्टा दिला. हाराला हात लावू देईना. दोन्ही मुठींत धरून उभी. गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "बाळ, हार दे, छावणीतल्या वासरांसाठी आहे." तर म्हणाली, "ह्यो माज्या मायचा हाय." सगळ्यांनी ऐकलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल आत्यानं केलाय.

गुरुजी तसे हुशार. म्हणाले, "हार पोरीच्या गळ्यातच राहू दे, बोली चालू द्या, घेणारा नंतर घेईल." बोली सुरू झाली. मागून कुणीतरी भराभर चढवत होतं. मला एवढंच दिसत होतं की छबू प्रत्येक आकड्याला एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे बघते आहे. अंजना, बायकांनी लिलावात बोलायचं नसतं. आमच्या गावात कुणी बोलली नव्हती. मी बोलले. आवाज माझा आहे हे मलाच नंतर कळलं.

मागच्या माणसानं वर चढवलं. मी चढवलं. त्यानं चढवलं. योगेश्वरीला साडीचोळी नेसवायला दुधातले पैसे वेगळे ठेवले होते, ते मनात आणले, देवीला म्हटलं पुढच्या वर्षी, आणि पुन्हा चढवलं. तेवढ्यात दगडाबाई उभी राहिली आणि कनातीवरून डोकावून मोठ्यानं म्हणाली, "आगं बया, ह्यो तर धोंडीराम हाय. सोसायटीचा शिपाई. त्येच्या बापानं बघितल्यात का एवढे पैसे? चेअरमनसाहेब, तुमचाच माणूस तुमच्याच बायकूवर चढ करायलाय की."

पटांगण हसून हसून आडवं झालं. हे व्यासपीठावर बसलेले. अध्यक्षानं स्वतः बोली लावायची नाही म्हणून यांनी धोंडीरामला खूण करून ठेवली होती. मला माहीत नव्हतं. त्यांना मी उठेन हे माहीत नव्हतं. बोली माझ्यावर सुटली. कडब्याला त्या दिवशी सगळ्यांत जास्त रक्कम आमच्याच घरातून आमच्याच चढाओढीनं गेली. गुरुजी अजून आभार मानताहेत.

घरी आल्यावर हे म्हणाले, "मला सांगायचं व्हतं की."

मी म्हटलं, "तुम्ही विचारायचं होतं. चेअरमनची शान राखायला निघाला होता."

ते पाय धूत होते. तांब्या खाली ठेवून म्हणाले, "शान कशाची? पोरगी हार सोडंना ते मला वरनं दिसत व्हतं. गावातल्या कुणाच्या हाती जाऊ नये म्हून धोंडीरामला सांगितलं."

इतकी वर्षं एका घरात राहतो आणि एकच गोष्ट हवी असताना एकमेकांवर बोली लावली. हसू यायला हवं होतं. आलं नाही.

हार मुंजाजीबरोबर डब्यात घालून पाठवते आहे. छबूनं स्वतः कापूस लावून भरला. डब्यावर तुझं नाव तिनंच लिहिलं.

माझ्या पहिल्या पत्रातल्या गोष्टीचा विचार झाला का?

तुझी
शिवकन्या


ऊसतोड तळ,
२२ फेब्रुवारी

आक्का, तुमच्या पाया पडते.

डबा पोचला. एक दाणा फुटला न्हाई. उघडला तवा शेजारच्या कोपीतल्या बाया गोळा झाल्या. दिवसभर ऊस तोडतो आमी, पण त्याचं असं काय व्हतं ह्ये कुणी बघितलं न्हवतं. मी गळ्यात घालून बघितला. आरसा न्हाई, म्हून बादलीत बघितलं. मग हितल्या लेकरांस्नी एक एक दाणा दिला. त्यांनी चावला न्हाई, तोंडात धरून बसली. दोरा राह्यला, तो छबूच्या बानं कोयत्याच्या मुठीला गुंडाळून बांधला.

लिलावाचं वाचून ह्ये लई दिवसांनी हसले. म्हणले, आक्का लहानपणी बी आशीच व्हती, सुरपाटीच्या खेळात आपल्याच गड्याला बाद करायची. मग म्हणले, ल्ही तिला, ठिऊन घे म्हणावं.

म्हून ल्हेते. छबूला ठिऊन घ्या, आक्का. कायमची. गेल्या आठवड्यात हितं एका कोपीला आग लागली. लेकरू वाचलं, पण मी त्या दिसापून ठरवलं. तुमच्या घरात तिला भ्याव न्हाई. ज्या घरानं तिच्यासाठी भर गावात तोंड उघडलं, त्या घरात मी तिला ठिवते. माज्या मनात दुसरं कायबी न्हाई.

एकच सांगते, सांगू का नको आसं दोन दिवस झालं. सासूबाई जित्या असताना भाकरी थापताना बोलायच्या. तुमी बीडला मामाकडं व्हता, तवा दर बाजारी त्या तलवाड्याच्या सडकंला जाऊन बसायच्या, बीडची गाडी येस्तोवर. तुमी येणार न्हाईत ह्ये ठावं असायचं. तिकिटाला पैसे नसायचे, ह्ये बी ठावं. तरी बसायच्या. मामंजींस्नी सांगायच्या, मिरच्या इकाया बसले व्हते. आन् एकदा म्हणल्या, "शिवकन्या शिकली, मोठी झाली. पर घरी आली ती पाव्हणी म्हून आली. मी तिला पाट दिला बसायला, आन् मग मलाच रडू आलं."

ह्ये तुमास्नी लावून बोलत न्हाई. शिकलात ते बरं झालं. पण छबूला सांजच्याला स्टँडवर एकलीला बसू देऊ नका. तुमी बी जाऊन बसत जा तिच्यासंगं.

अंजना


॥ श्री योगेश्वरी प्रसन्न ॥

घाटनांदूर,
ता. १२ मार्च १९८७

चि. सौ. अंजना हिस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मंगळवारचा उपास होता. वाचून पुन्हा पाकिटात घातलं. संध्याकाळी घराला कडी लावली आणि स्टँडवर गेले.

छबू शेवटच्या बाकावर बसली होती. मी शेजारी बसले. ती दचकली, दप्तर पोटाशी घेतलं. म्हणाली, "आत्या, मी पाट्या वाचायले." मी म्हटलं, वाच, मीही वाचते. परळी गेली. लातूर गेली. ती त्या पाट्यांकडे बघतसुद्धा नव्हती. बीडची आली तशी उठून उभी राहिली. एकेक माणूस उतरेपर्यंत उभी होती. शेवटी कंडक्टर उतरला, तशी खाली बसली.

अंजना, मी बीडला असताना शनिवारी शाळा लवकर सुटली की स्टँडवर जायचे. गेवराईकडून, आपल्या तलवाड्याच्या बाजूनं येणाऱ्या गाडीतून उतरणाऱ्या बायकांची लुगडी बघायचे. आईचं जांभळ्या रंगाचं होतं. मामीनं विचारलं की सांगायचे, पाट्या वाचायला गेले होते. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. पुढे मला वाटू लागलं की खरंच पाट्याच वाचायला जायचे. आई तिकडे सडकेला बसायची, हे मला तुझ्या पत्रानं कळलं. ती पाट देताना रडली ते मला आठवतं. मी समजले होते, चुलीचा धूर आहे.

मी छबूला विचारलं, "तुझी माय म्हणते, इथंच राहा. तुला काय वाटतं?"

तिनं दप्तराचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. मग म्हणाली, "आत्या, मी गेल्यावर तुज्यासंगं कोण बोलंल?"

म्हणजे तिचं जायचं ठरलेलं होतं. माझंच काय करायचं, एवढं तिला सुचत नव्हतं.

मी म्हटलं, "तुझे मामा आहेत की." माझ्या मालकांना ती मामा म्हणते. तर म्हणाली, "ते तर बोलतच न्हाईत." मी म्हटलं, "लिलावात बोलतात." तेव्हा हसली.

घरी येऊन यांना सांगितलं. हे जेवता जेवता थांबले. मी वाट बघत होते की काही बोलतील. ताटातली भाकरी मोडत म्हणाले, "कधी निघायचं? मी येऊ का संगं?" इतक्या वर्षांत त्यांनी असं विचारलं नव्हतं. छावणी सोडून येता येणार नाही हे दोघांनाही माहीत होतं, तरी मी म्हटलं, या.

तर आता माझं म्हणणं ऐक. मुंजाजी सांगतो की पाडव्याच्या आधी आठ दिवस तुमचा हंगाम सुटेल. तुम्ही तलवाड्याला पोचलात की मी छबूला घेऊन येते. मोहनराव गुरुजींनी दाखला दिला आहे, वार्षिक परीक्षा ती तुमच्या शाळेत देईल. गणिताचं आता बरं आहे. पाऊस झाला आणि विहीर भरली, तर प्रश्नच नाही. नाही झाला आणि दिवाळीनंतर तुम्हाला पुन्हा ट्रकात बसावं लागलं, तर तिला आणून सोडा. शाळा मी बुडू देणार नाही. आणि पाडव्याला पुन्हा परत आणून देईन. दरवर्षी असंच करू. माझ्याकडे ती पाहुणी म्हणून राहील. तुझ्या दारात ती पाहुणी म्हणून यायला नको. तिला पाट देऊ नकोस, आल्या आल्या घागर भरायला सांग.

पहिल्या पत्रात मी कायमचं असं लिहिलं होतं, ते खोडून काढ.

दोन दिवस झाले, आम्ही दोघी स्टँडवर जातो. ती बीडच्या गाडीला उठते, मी बसून राहते. काळं परकर-पोलकं धुऊन ठेवलं आहे, तेच घालून आणीन. थोडा हलवा परातीत शिल्लक होता, तोही बांधून घेतला आहे, तुझ्याकडच्या मंडळींना पुरेल.

हे येतील की नाही ते माहीत नाही, म्हणून त्यांचं धरलेलं नाही. जाताना एक पूर्ण आणि एक अर्धं तिकीट. येताना एक पूर्ण. तेवढे पैसे मी बाजूला काढून ठेवले आहेत.

तुझी
शिवकन्या